छपरांवरचा कानूजाबता

ज्या बिनतारी जाळ्यास कोणी मालक नाही, मध्यवर्ती मनोरा नाही, आणि ज्यातील प्रत्येक यंत्र आपला निरोप धाडता धाडता शेजाऱ्याचाही निरोप पुढे पोहोचविते, अशा जाळ्यात कोणाचा निरोप कोणत्या वाटेने न्यावा हे ठरविण्याचे काम पडद्याआड अहोरात्र चालणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅमकडे असते. संगणकाच्या परिभाषेत अशा प्रोग्रॅमला डीमन म्हणतात. ओएलएसआरडी हा त्यांतील एक नामांकित डीमन, आणि ‘ओएलएसआरडी.कॉन्फ’ नावाची साध्या अक्षरांतील फाइल हा त्याचा कानूजाबता. पेशवे दफ्तरातील जाबत्यांप्रमाणेच या फाइलचेही एकेक कलम कोणत्या अडचणीपायी घातले गेले अथवा रद्द झाले, हे तपासू गेल्यास बराच इतिहास हाती लागतो.

हा डीमन ज्या ‘ओएलएसआर’ नियमावलीवर बेतला आहे, ती मूळ नियमावली फ्रान्सातील इन्रिया या संशोधनसंस्थेत सिद्ध झाली. टॉमस क्लाउसेन आणि फिलिप जाके यांनी संपादित केलेली ही नियमावली ऑक्टोबर 2003 मध्ये आरएफसी 3626 या क्रमांकाने, ‘प्रायोगिक’ अशा शेऱ्यासह प्रसिद्ध झाली. प्रत्येक यंत्राने दर दोन सेकंदांनी ‘हेलो’ म्हणून शेजाऱ्यांना आपले अस्तित्व कळवावे, दर पाच सेकंदांनी जोडणीची वार्ता जाळ्यात सर्वत्र फिरवावी, आणि ती सर्वांनीच पुन्हा पुन्हा ओरडून आकाश भरू नये म्हणून काही मोजक्या शेजाऱ्यांनाच ती पुढे नेण्याचा अधिकार द्यावा, अशी ही तजवीज होती. ओस्लो विद्यापीठातील आंद्रेआस टोनेसन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचा विषय म्हणून तिचा प्रोग्रॅम लिहिला, तोच ओएलएसआरडी.

त्या प्रोग्रॅमची खरी परीक्षा झाली ती बर्लिनमध्ये. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही मोहल्ल्यांत तांब्याच्या तारांऐवजी काचतंतूंच्या केबली घातल्या गेल्या. पण पुढे वेगवान इंटरनेट म्हणून जी डीएसएल सेवा आली, ती तांब्याच्याच तारांवर चालणारी, त्यामुळे अत्याधुनिक केबल दाराशी असूनही तेथील रहिवासी त्या सेवेस मुकले. त्यांनी छपरांवर अँटेना चढविल्या आणि ‘फ्रायफुंक’ या नावाने आपले जाळे आपणच विणावयास घेतले. चालत्या वाहनांचा आणि हलत्या तुकड्यांचा विचार करून वाढलेली ही विद्या अशा रीतीने जागचे न हलणाऱ्या घरांच्या हाती आली. घरे स्थिर असली तरी रेडिओलहरी स्थिर नसतात, आणि घोडे नेमके तेथेच अडले. जून 2004 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ ओएस’ या बर्लिनमधील परिषदेत नियमावलीबरहुकूम जाळे उभारून पाहिले, तेव्हा मार्ग क्षणात जुळत आणि क्षणात तुटत, प्रयोग फसला.

दोषाचे एक मूळ ‘हिस्टेरेसिस’ नामक कलमात होते. त्याप्रमाणे शेजाऱ्याशी असलेल्या प्रत्येक दुव्यास शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण मिळे, हेलो ऐकू आला की जुना गुण आणि एक यांचा मध्य हा नवा गुण होई, हुकला की गुण निम्मा होई, 0.8 ओलांडल्यावाचून दुवा मान्य होत नसे आणि 0.3 च्या खाली येताच तो बाद ठरे. आता हिशेब करून पाहावा: पूर्ण गुणांचा निर्दोष दुवा एक हेलो हुकताच 0.5 वर येतो, लागोपाठ दुसरा हुकताच 0.25 वर, म्हणजे अवघ्या चार सेकंदांच्या शांततेत जुनाजाणता शेजारी परका ठरतो! लागलीच सर्वांचे मार्ग नव्याने मोजले जात, आणि ते मोजून होईतो तोच दुवा पूर्ववत उभा राहिलेला असे. रचनाकारांस मात्र सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे होईल, कारण मूळ नियमावलीत हे कलम ऐच्छिकच होते.

बर्लिनकरांनी ते बंद केले. इतकेच नव्हे, तर मोजक्याच शेजाऱ्यांस वार्ता नेण्याचा अधिकार देण्याची जी काटकसर रचनाकारांस भूषणास्पद वाटत होती, तीही ‘एमपीआरकव्हरेज 7’ अशी एक ओळ लिहून त्यांनी जवळजवळ निकालात काढली. याहून मोठी दुरुस्ती टॉमस लोपाटिक यांनी केली. मूळ नियम सर्वांत कमी टप्प्यांची वाट निवडी, आणि कमी टप्पे म्हणजे लांबलांबचे, कमकुवत दुवे. एमआयटीतील संशोधकांनी 2003 मध्ये मांडलेले ईटीएक्स हे माप लोपाटिक यांनी डीमनमध्ये आणले: निरोप सुखरूप पोहोचण्यास सरासरी किती वेळा धाडावा लागेल, ते मोजावयाचे. जाताना निम्मे आणि येताना निम्मे निरोप हरवणारा एक दुवा या मापाने 4 भरतो. दोन्ही दिशांनी दहांतील नऊ निरोप पोहोचविणारे दोन दुवे मिळून अडीचच्याही आत राहतात. तेव्हा दोन टप्प्यांची वाट सरळ वाटेपेक्षा स्वस्त पडते. ‘लिंकक्वालिटीलेव्हल 2’ या ओळीने हे माप जारी होई.

या फाइलमधील माझ्या विशेष आवडीचे कलम ‘एचएनए4’ हे आहे. त्यात शून्यांची एक जोडी लिहिली की ते यंत्र ‘इंटरनेटचा दरवाजा माझ्याकडे आहे’ असे साऱ्या जाळ्यास जाहीर करी, आणि या दाव्याची रुजुवात कोणीच करीत नसे. शेजाऱ्याच्या शब्दावर इतका विश्वास टाकणारा कारभार आमच्या एकाही सरकारी कचेरीत मला आढळलेला नाही.

जाळे वाढले तसे नवे संकट आले. साडेचारशे यंत्रांचा सबंध नकाशा नव्याने मोजण्यास छपरावरच्या स्वस्त राउटरला कित्येक सेकंद लागू लागले. तेव्हा फ्रायफुंकमधील काहींनी 2006 पासून, सबंध नकाशा कोणीच न बाळगणारी ‘बॅटमॅन’ ही निराळी पद्धती रचली. तिची एक शाखा 2011 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. ओएलएसआरची दुसरी आवृत्ती एप्रिल 2014 मध्ये आरएफसी 7181 म्हणून निघाली, तीत टप्प्यांच्या संख्येऐवजी दुव्याच्या मोलावरून वाट ठरविण्यास रीतसर स्थान मिळाले; आणि 2016 मधील आरएफसी 7779 या दस्तऐवजात, असे मोल मोजण्याच्या एका पद्धतीचे विवेचन करताना, व्हिएन्नाच्या फुंकफॉयर आणि जर्मनीच्या फ्रायफुंक या जाळ्यांचा नामनिर्देश केलेला आहे.