सत्याचा तराजू आणि आग्र्याचे दोन दिवस

दोन धर्मांची तुलना करू म्हणणाऱ्याने आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे : वजनमापे कोणाची? कार्ल गॉटलीब फांडर या जर्मन मिशनऱ्याने आपल्या ग्रंथाचे नावच 'मीजान उल्-हक्क', म्हणजे सत्याचा तराजू, असे ठेवले होते. ख्रिस्ती आणि इस्लाम हे दोन धर्म दोन पारड्यांत घालून त्याने निवाडा दिला. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती बाजूने इस्लामविषयी लिहिलेल्या पुस्तकांत याच्याइतके वाचले गेलेले आणि याच्याइतके खोडून काढले गेलेले पुस्तक विरळाच.

फांडर १८०३ साली जर्मनीतील वाइब्लिंगेन या गावी एका पाववाल्याच्या घरी जन्मले. बाझेल मिशनच्या विद्यालयात ते शिकले. (हे मिशन कोकणातल्या घरांना ठाऊक आहे ते मंगलोरी कौलांमुळे, पण कौलांचा कारखाना पुष्कळ नंतरचा.) १८२५ मध्ये त्यांना काकेशसमधील शुशा येथे धाडण्यात आले. तेथे फारसी जाणणाऱ्या मुसलमानांशी बोलता बोलता उपयोगी पडेल असे पुस्तक हाताशी नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १८२९ मध्ये त्यांनी ते जर्मनमध्ये लिहिले, १८३५ मध्ये ते फारसीत छापून निघाले. त्याच वर्षी रशियाच्या झारने मिशनचे काम बंद पाडले आणि फांडर पुढे हिंदुस्थानात आले. १८४१ पासून मुक्काम आग्रा. १८४३ मध्ये 'मीजान'ची उर्दू आवृत्ती निघाली आणि वादाला तोंड फुटले.

पुस्तकाची मांडणी चतुर आहे. खरे ईश्वरी प्रकटीकरण कसे ओळखावे, याच्या कसोट्या फांडर आरंभीच ठरवून टाकतात. त्याने पापक्षमेची आणि मनःशांतीची माणसाची तळमळ शमवावी. ते सद्सद्विवेकबुद्धीला पटावे. देव पवित्र, न्यायी आणि दयाळू आहे हे त्यातून दिसावे. मग बायबल रद्द झालेले नाही व भ्रष्टही झालेले नाही हे सिद्ध करायचे, त्यातील शिकवण सांगायची आणि अखेरीस कुराण तपासायचे. पण पापक्षमेची तळमळ हीच धर्माची पहिली कसोटी, हे कोणी ठरवले? व्यूर्टेम्बर्गच्या भक्तिपंथी घरात वाढलेल्या माणसाला ते स्वयंसिद्ध वाटणार. मुसलमान विद्वानाला धर्म म्हणजे प्रथम देवाच्या आज्ञेचे ज्ञान आणि पालन. तराजू वापरण्यापूर्वीच एका पारड्याखाली मेण लागले होते, आणि फांडर यांना त्याचा पत्ता नव्हता. ते लबाड नव्हते, श्रद्धाळू होते.

ख्रिस्ती माणसाने इस्लामकडे पाहण्याची ही एकमेव रीत नव्हती. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने इस्लामची गणना ख्रिस्ती पाखंडांच्या यादीत केली. म्हणजे परका धर्म नव्हे, घरातलाच वाट चुकलेला. त्याच शतकाच्या अखेरीस बगदादेत पूर्वेकडील ख्रिस्तमंडळीचे प्रमुख तिमथी आणि खलिफा अल्-महदी यांचे दोन दिवस संभाषण झाले. तिमथींनी ते सिरियाक भाषेतील पत्रात नोंदवून ठेवले आहे. खलिफाने महंमदांविषयी विचारले तेव्हा तिमथींनी त्यांना पैगंबर म्हटले नाही. मात्र मूर्तिपूजा मोडून एका देवाकडे लोकांना वळवणारा हा पुरुष पैगंबरांच्या वाटेने चालला, असे मान्य केले. अखेर त्यांनी अंधाऱ्या घरात पडलेल्या मोत्याचा दृष्टान्त दिला. सगळे चाचपडतात, ज्याच्या हाती जे लागेल तो तेच मोती समजतो, उजाडल्यावर खरे काय ते कळेल. तिमथी खलिफाचे प्रजाजन होते, त्यांना जपून बोलणे भाग होते, हे खरे. परंतु नुसत्या भीतीने असा दृष्टान्त सुचत नाही.

फांडर यांच्यामागे कंपनी सरकार होते. सरकार धर्माबाबत तटस्थ म्हणवी, पण गोरे अधिकारी पादऱ्यांचे मित्र होते. विल्यम म्यूर यांनी महंमदांचे चरित्र लिहायला घेतले ते फांडर यांच्याच आग्रहावरून. अशा वातावरणात मौलवी रहमतुल्ला कैरानवी पुढे आले. कैराना हे गाव आपल्याला किराणा घराण्यामुळे माहीत. मिरजेत स्थिरावलेले अब्दुल करीम खाँ तिथलेच. रहमतुल्लांना इंग्रजी येत नव्हते. ती उणीव भरून काढली त्यांचे स्नेही डॉक्टर वझीर खान यांनी. कलकत्त्याला वैद्यक शिकलेले, विलायत पाहिलेले हे गृहस्थ आग्र्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते आणि त्यांच्या संग्रही बायबलवरील युरोपीय टीकाग्रंथ होते.

१० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी मिशनच्या जागेत वाद झाला. फांडर यांच्या साथीला टॉमस व्हॅल्पी फ्रेंच होते. विषय पाच ठरले होते : नस्ख (आधीच्या ग्रंथाचे रद्द होणे), तहरीफ (ग्रंथात फेरफार), त्रैक्य, महंमदांचे पैगंबरपण आणि कुराण. गाडी दुसऱ्या विषयापुढे गेलीच नाही. बायबलच्या प्रतींत पाठभेद आहेत आणि काही थोड्या ठिकाणी मागाहून मजकूर घुसला आहे, हे फांडर यांना कबूल करावे लागले. त्यांचे म्हणणे, याने मूळ शिकवणीला धक्का लागत नाही. रहमतुल्लांचे म्हणणे, एक जागा भ्रष्ट असेल तर बाकीच्यांची हमी कोण देणार?

उदाहरणादाखल योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील सातवे वचन घ्या. पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक, असे सांगणारे. इरॅस्मसने १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत ते घेतले नव्हते, १५२२ मध्ये घेतले. १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरातून ते पुन्हा गेले. आग्र्यात सत्तावीस वर्षे आधी जे निघाले, तेच पुढे ख्रिस्ती पंडितांनी स्वतः मान्य केले.

पण खरी गोम याहून खोल आहे. कुराण आणि बायबल समोरासमोर ठेवणे हीच मुळात विजोड तुलना. इस्लाममध्ये ईश्वराचा शब्द ग्रंथरूपाने उतरला. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तो माणूस होऊन आला. कुराणाची जोडी लावायची तर येशूशी लावावी लागेल, बायबलशी नव्हे. 'इंजील' म्हणजे ईसांवर उतरलेला एक ग्रंथ, ही मुसलमानांची कल्पना. ख्रिस्ती लोकांकडे मात्र चार शुभवर्तमाने, चौघांच्या नावांची. अक्षरन् अक्षर अबाधित असण्याचा दावा इस्लामच्या अंगणातला होता आणि फांडर स्वतःहून त्या अंगणात खेळायला उतरले. ख्रिस्ती बाजूने हा दोष त्यांच्या पदरी घालायलाच हवा.

मराठी वाचकाला इथे विष्णुबुवा ब्रह्मचारी आठवतील. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे मिशनऱ्यांशी वाद झाले. पण त्या वादात दोन्ही पक्षांची शास्त्रेच वेगळी होती. आग्र्यात अब्राहाम, मोशे, मरिया, येशू सगळे सामाईक. कुराणात मरियमच्या नावाची स्वतंत्र सुरा आहे. आणि तेच कुराण येशूला क्रुसावर मारले गेले हे नाकारते. एकाच वाड्याच्या वाटणीवरून चाललेली ही भाऊबंदकी, म्हणूनच इतकी कडवट.

दोन्ही पक्षांनी आपापले वृत्तान्त छापले. फांडर यांची रवानगी पुढे पेशावरला झाली. १८५७ च्या उठावानंतर वझीर खान आणि रहमतुल्ला दोघेही मक्केला निसटले. रहमतुल्लांची मालमत्ता लिलावात गेली. उलट, त्या वादाच्या काळी आग्र्यात फांडर यांच्याविरुद्ध बोलणारे मौलवी इमादुद्दीन यांनी १८६६ मध्ये अमृतसरला बाप्तिस्मा घेतला. वाद कोणी जिंकला हे सभेत कळते. त्याचे कोणाच्या मनात काय झाले ते बारा वर्षांनी.

फांडर १८५८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला गेले. काही वर्षांनी तुर्की सुलतानाच्या बोलावण्यावरून रहमतुल्लाही त्याच शहरी आले आणि तेथे १८६४ मध्ये त्यांनी अरबीत 'इझहार उल्-हक्क' लिहिले. त्यात आग्र्याचा वाद आहेच, पण युरोपीय टीकाकारांच्या साक्षींचा मोठा साठा आहे. ख्रिस्ती धर्मावर लिहिणारे मुसलमान लेखक आजही त्याच कोठारातून दाणा घेतात. फांडर १८६५ मध्ये इंग्लंडात वारले. रहमतुल्ला १८९१ मध्ये मक्केत वारले. तेथे त्यांनी काढलेल्या मदरशाला कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगमांचे नाव आहे. लाहोरचे पहिले बिशप झालेले फ्रेंच त्याच वर्षी मस्कतला गेले. अरबांना शुभवर्तमान सांगायचे म्हणून बिशपपद सोडून ते म्हातारपणी एकटेच तिकडे निघाले होते.

'मीजान' त्यानंतरही संपले नाही. मुंबईत काही वर्षे काम केलेल्या सेंट क्लेअर टिसडॉल यांनी ते सुधारून, वाढवून १९१० मध्ये पुन्हा इंग्रजीत काढले. कसोट्या मात्र आरंभीच होत्या, जिथे फांडर यांनी ठेवल्या होत्या तिथेच.