तळटीप : पोकरमधील थाप आणि फासा

* लेखकाने येथे थाप मारणे ही खेळाडूच्या धाडसाची खूण मानली आहे. ते पटण्याजोगे नाही. हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या छोट्या पोकरमध्ये गुलाम, राणी, राजा एवढीच पाने असतात. दोघांना एकेक पान मिळते, तिसरे झाकलेले राहते. सुरुवातीला प्रत्येकी एक नाणे लावायचे. पुढची बोलीही एकाच नाण्याची. पहिल्याने बोली न लावता पाळी पुढे सोडली आणि दुसऱ्याकडे गुलाम असेल, तर त्याने सरासरी तीनांतून एकदा थाप मारावी. राजा असताना तो नेहमीच बोली लावतो. म्हणजे चार बोलींमागे एक खोटी, आणि राणी घेऊन बसलेल्या पहिल्याला नाणे टाकले काय किंवा पान टाकले काय, सरासरी सारखीच. त्याहून कमी थापा मारल्या तर राजावरची कमाई बुडते, जास्त मारल्या तर गुलाम पकडला जातो. नेमकी कोणती वेळ थापेची, हे मात्र फाशावर सोडावे. मनाने ठरवू गेल्यास निवडीत नकळत क्रम शिरतो, आणि चाणाक्ष प्रतिस्पर्धी तो हेरतो. खुद्द खेळाडूलाच आधी ठाऊक नसलेली चाल त्याच्या चेहऱ्यावरून तरी कोण वाचणार? — संपा.