सायकलची शिकवणी, पंधरा रुपये

रविवारी पहाटे आमच्या वरसाव्याच्या नाक्यावर सायकलस्वारांचे जथे येतात. कुणी घोडबंदरच्या किल्ल्याकडे वळतो, कुणी खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे जातो. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, आणि सायकल म्हणाल तर मास्तराच्या पगाराला न पेलणारी! वडीलमंडळी म्हणतात, "पैसे मोजून घाम गाळायची ही नवी थेरं." थेरं म्हणा हवी तर, पण नवी म्हणू नका.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत आले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले आणि तो मार्ग खुंटला. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. म्हणजे आमच्याच जमातीचे, मास्तर! मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवायच्या, असा उद्योग दोघा भावांनी मांडला. १८८८ साली बेळगावात दुकान निघाले. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये! कारकुनाने वर्षाचा सारा पगार साठवला तरी ती हाती यायची नाही. घेणारा हौशीच असणार. त्याला बसायला शिकवण्याचे रामुअण्णा पंधरा रुपये वेगळे घेत. आजच्या शिकवणीवाल्यांनी कान पकडावेत.

पण माझे मन रमते ते दुरुस्तीपाशी. इंग्लंडात स्टार्लीने चेनची सुरक्षित सायकल १८८५ मध्ये बाजारात आणली. डनलॉपच्या हवेच्या टायरचे पेटंट १८८८ चे. यंत्र असे कोवळे, बनवणारे सातासमुद्रापलीकडे. बेळगावात चेन तुटली, तारा ढिल्या झाल्या, तर विलायतेला पत्र लिहून गिऱ्हाईक थोडेच थांबणार? विकणाऱ्यालाच पाना हाती घ्यावा लागे. चाक सरळ फिरते की लचकते, बेअरिंग किती आवळावे, तेल कुठे द्यावे, हे पुस्तकाने कळत नाही, बोटांना कळते. आमच्याकडे येणारे पुष्कळ स्वार चेनसुद्धा दुसऱ्याकडून पुसून घेतात, तेव्हा मला वाटते, निम्मी मौज यांनी नोकराला देऊन टाकली.

मुंबईच्या संस्थेत बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. सायकलींवर सरावलेले हात आता कडबा कापायच्या यंत्राकडे आणि नांगराकडे वळले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्या माळावर निवडुंग नि साप यांचेच राज्य होते.

बेळगावात मात्र त्या भावांच्या नावाचा किर्लोस्कर रोड अजून आहे.