अपभ्रंश : एका ठपक्याची कुळकथा

वाट सुटण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. जहाज भरकटते, मन चळते, निश्चय ढळतो, राजा पदच्युत होतो. या साऱ्यांत ‘भ्रंश’ कठोर. भरकटलेला पुन्हा वाटेला लागू शकतो. ‘भ्रंश्’ या संस्कृत धातूत मात्र निसटून खाली पडणे आहे. म्हणून बुद्धिभ्रंश, स्थानभ्रष्ट, भ्रष्टाचार या शब्दांतून अधःपात ऐकू येतो.

हाच ठपका भाषेवरही आला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात सांगितले की, एकेका शुद्ध शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात. उदाहरण गाईचे : शुद्ध शब्द ‘गौः’, आणि लोकांच्या तोंडी गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. त्याच्या लेखी हे शब्द घसरलेले.

पुढे दंडीने ‘काव्यादर्शा’त नोंदवले की, आभीर वगैरेंच्या बोलींना काव्यात अपभ्रंश म्हणतात. ठपक्याचे असे नाव झाले. त्याच अपभ्रंशात पुष्पदंताने १०व्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या मालखेडला, ‘महापुराण’ रचले. १२व्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात अपभ्रंशाचे नियम सूत्रबद्ध केले.

घसरणीला कसले नियम, असे वाटेल. पण आपले रोजचे शब्द पाहा : हस्त, हत्थ, हात, सप्त, सत्त, सात, अष्ट, अट्ठ, आठ. जोडाक्षरातली भिन्न व्यंजने आधी एका वर्गाची होतात. मग त्यांतले एक गळते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ‘अ’ लांबून ‘आ’ होतो. तिन्ही शब्दांत क्रम तोच. प्रतिष्ठानाचे प्राकृतात ‘पइट्ठाण’ झाले. त्यातले ‘अ’ आणि ‘इ’ मिळून ‘ऐ’ झाला आणि आपले पैठण उभे राहिले. एवढी शिस्त चुकून येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोलणाऱ्यांनी ती पाळली आहे.

तरीही ‘पैठण हा प्रतिष्ठानचा अपभ्रंश’ असे आपण सर्रास म्हणतो आणि नकळत आपल्याच शब्दाला कमअस्सल ठरवतो. आपल्या व्याकरणात त्यासाठी ‘तद्भव’ हा निर्मळ शब्द आहे : त्यापासून जन्मलेला. शाळेत तो शिकवलाही जातो. हात, सात, पैठण यांना तद्भवच म्हणावे. अपभ्रंश हे नाव पुष्पदंताच्या भाषेसाठी राखावे आणि ते आदराने घ्यावे.