अथपासून इतिपर्यंत

मंगळवार पेठेंतील एखाद्या घरांतून विजेच्या गिटारींचा गडगडाट ऐकूं आला, तर वडील मंडळी आधीं दार लोटून घेतील. पण तो ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९९९ सालच्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’चा असेल, तर घाई करूं नये. बारा भागांची, सुमारें ७७ मिनिटांची ती एकच कथा आहे. संमोहनांत निकोलसला पूर्वजन्मींची, खून झालेली व्हिक्टोरिया दिसूं लागते. पुनर्जन्म कोल्हापुरास कांहीं नवा नव्हे!

गीतांतून क्रमानें कथा ऐकण्याची संवयही नवी नव्हे. याच शहरांत १९१९ सालीं जन्मलेल्या सुधीर फडके यांनीं ग. दि. माडगूळकरांच्या ५६ गीतांस चाली दिल्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीनें ‘गीतरामायण’ आठवड्यास एक नवें गीत याप्रमाणें ऐकविलें. पुढच्या गीतासाठीं सात दिवस थांबावें लागे. आरंभीं कुश-लव रामापुढें गातात. अखेरीस वाल्मीकि त्यांना तेंच गावयास सांगतात.

आतां दोहोंतलेंही आवडतें तेवढें निवडून ऐकतात. रामकथा ठाऊक असल्यानें तेथें निभावतें. निकोलसच्या बाबतींत मात्र फसगत होते. कारण वर्तमानपत्रांत आलेली खुनाची हकीकत खोटी होती आणि खरा मारेकरी निराळाच, हें शेवटच्या भागांत उघड होतें.