अर्नाळा पडला, जंजिरा का नाही?

बोईसरच्या कारखान्यात पाळी संपवून मी तारापूरच्या किल्ल्याकडे जाऊ लागलो, त्याला आता पंचवीस वर्षे होतील. इतिहासाचे रीतसर शिक्षण माझे नाही. जे शिकलो ते पालघर-वसईचे तट पाहत आणि छापील पत्रव्यवहार वाचत. या फिरण्यात एक प्रश्न मात्र पाठ सोडीना. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून तारापूर घेतले. बाजी भिवराव तिथे पडले. त्याच अप्पांनी तीन वर्षे आधी चरईच्या लढाईत सिद्दी सात याला ठार केले होते. मग तारापूर आणि वसई घेणाऱ्या मराठ्यांना जंजिरा का घेता आला नाही?

शाळेत मिळालेले उत्तर सोपे होते : भोवती समुद्र, खाली खडक, सुरुंगाला जागा नाही. मीही अनेक वर्षे हेच सांगत होतो. पण आमच्याच जिल्ह्यातला अर्नाळा या उत्तराला खोटे पाडतो. तोही बेटावरचाच किल्ला, आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. म्हणजे नुसते पाणी बेट राखत नाही.

जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. आपला प्रमुख ते बहुधा आपल्या सरदारांतून ठरवीत. आधी निजामशाही, नंतर आदिलशाही असे धनी त्यांनी मानले. पण बेटाचा कारभार स्वतःकडेच ठेवला. शिवाजी महाराजांच्या दबावाने फत्तेखान किल्ला द्यायला निघाला, तेव्हा इतर सिद्द्यांनी त्यालाच कैद केले आणि औरंगजेबाकडे मदत मागितली. मोगलांजवळ मोठे सैन्य होते, पण सुरतेचा व्यापार आणि हाजची जहाजे राखायला आरमार हवे होते. सिद्दी मोगली आरमार झाले. खर्च सुरतेच्या महसुलातून मिळू लागला. महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी थेट समुद्रात भर घालायला घेतली. मोगली फौज कोकणात उतरली आणि ते काम सोडावे लागले.

इंग्रजांचे वागणे तर याहून बोलके आहे. १६८९-९० मध्ये याच सिद्दीने मुंबईत उतरून त्यांना कोटात कोंडले होते. बादशहाला दीड लाख रुपये भरून त्यांची सुटका झाली. तरीही १७३३ मध्ये, बाजीरावांची मोहीम सुरू असताना, त्यांनी सिद्दीशी तह केला. कारण उघड होते : जंजिरा पडला तर सारा किनारा मराठ्यांचा आणि आंग्र्यांचा होणार. वसईच्या पोर्तुगीजांसाठी मात्र त्यांनी तलवार उपसली नाही. पोर्तुगीज त्यांचे शेजारी असले तरी स्पर्धकच होते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि जुलैत इंग्रजांनी पेशव्यांशी तह केला.

अर्नाळ्याला तिसरा वाली नव्हता. जंजिऱ्याला प्रत्येक पिढीत मिळाला. तटाची आणि खाडीची किंमत मी कमी लेखत नाही. पण तटाला वेढा किती दिवस पडणार, हे बाहेरचे ठरवीत होते. आज तैवानच्या बातम्या वाचताना मला राजपुरीची खाडी आठवते. काळ वेगळा, शस्त्रे वेगळी. पण मोठ्यांच्या ओढाताणीत लहान बेट टिकते, ते त्या ओढाताणीमुळेच.

याची किंमत कोणी दिली, हेही लिहायला हवे. सिद्दींच्या स्वाऱ्यांत किनाऱ्यावरची माणसे धरून नेली जात, गावे जळत. त्या माणसांची नावे कुठल्या तहात नाहीत. आणि ज्या इंग्रजांनी सिद्दीला हात दिला, त्यांच्याच सार्वभौमत्वाखाली पुढे जंजिरा संस्थान गेले; १९४८ मध्ये ते भारतात विलीन झाले.

‘अजिंक्य’ हा शब्द मी आता जपून वापरतो. जंजिरा जिंकला गेला नाही हे खरे. पण तो जिंकला जाऊ नये, असे वाटणारे नेहमीच कोणीतरी होते.