दोरीवर चढलेला मुलगा : एका बातमीचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘ज्ञातीच्या जुन्या आठवणी’ या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. परंतु आठवणी लिहावयास बसण्यापूर्वी आठवण ही वस्तू कितपत भरवशाची, याचा विचार होणे अवश्य वाटले. त्या ओघात आमच्या हातून घडलेली एक चूक वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही ठरविले.

आमची सारी हयात शिक्षकाच्या पेशात गेली. इतिहासाच्या तासाला प्राचीन विद्यांचा विषय निघाला म्हणजे दोरीच्या जादूची गोष्ट आम्ही हटकून सांगत असू. गारुडी भर मैदानात दोरी आकाशात फेकतो, ती काठीसारखी ताठ उभी राहते, एक पोरगा तिच्यावरून सरसर चढून वर दिसेनासा होतो. गारुडी सुरी घेऊन त्याच्या पाठोपाठ जातो, पोराचे तुकडे खाली पडतात, आणि अखेरीस तोच पोरगा टोपलीतून हसत बाहेर येतो! आमचे चुलत आजोबा हा खेळ एका जत्रेत पाहिल्याचे सांगत; म्हणून आम्हीही तो डोळ्यांदेखत घडल्याप्रमाणे रंगवून सांगत असू. एके वर्षी मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही स्वतः पाहिलात का?” वर्ग हसला. “वडीलधारी माणसे खोटे बोलतात काय?” असे दरडावून आम्ही त्यास खाली बसविले.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा या गोष्टीचा खरा इतिहास आमच्या दृष्टीस पडला. तो असा.

दिनांक ८ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतील ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात एक लेख प्रसिद्ध झाला. येल विद्यापीठाचे दोन पदवीधर हिंदुस्थानची सफर करून आले असून त्यांनी तेथे एका फकिराचा खेळ पाहिला, असे त्यात म्हटले होते. एकाने चित्रे काढली, दुसऱ्याने छायाचित्रे घेतली. चित्रात दोरीवर चढणारा मुलगा होता. छायाचित्रात मात्र ना दोरी, ना मुलगा! तात्पर्य काय, तर फकिराने सर्व प्रेक्षकांवर मोहिनी घातली, पण ती कॅमेऱ्यावर चालली नाही. ही उपपत्ती वाचकांस इतकी पटली की लेखाचे पुनर्मुद्रण देशोदेशी झाले.

पुढे ब्रिटनमधील एका साप्ताहिकाच्या संपादकाने त्या छायाचित्रकाराची पत्राने चौकशी केली. तेव्हा सुमारे चार महिन्यांनी ‘ट्रिब्यून’ने कबुली दिली की असा कोणी गृहस्थ नाही, मोहिनीविद्येची कल्पना मनोरंजक रीतीने मांडावी एवढ्यासाठी तो लेख रचला होता. छायाचित्रकाराचे नाव फ्रेड एस. एल्मोर असे दिले होते. त्यातील ‘एस. एल्मोर’ हे शब्द सलग उच्चारले तर इंग्रजीत ‘अधिक खपवा’ असा अर्थ निघतो. एवढे उघड लिहूनही कोणाच्या ध्यानी आले नाही! लेखाचा कर्ता जॉन एल्बर्ट विल्की हा होता. पुढे १८९८ साली तो अमेरिकेच्या गुप्त सेवेचा प्रमुख झाला. कबुली फार थोड्यांनी वाचली. मूळ कथा मात्र जगभर गेली, आणि फिरून आपल्याच देशात ‘आपली प्राचीन विद्या’ म्हणून परत आली. एडिंबरोचे संशोधक पीटर लॅमाँट यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा इतिहास उलगडून दाखविला आहे.

येथे कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल, “या खेळाचे उल्लेख त्याहून कितीतरी जुने आहेत, त्यांचे काय?” प्रश्न रास्त आहे. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढणाऱ्या मायावी पुरुषाचा दृष्टांत दिला आहे. पण तो कशासाठी? वर चढलेला दिसतो तो भास, आणि खरा मायावी जमिनीवरच उभा आहे, हे सांगण्यासाठी! ज्या आचार्यांचा आधार घेऊन आम्ही चमत्कार सिद्ध करू पाहतो, त्यांनीच त्यास भास म्हटले आहे.

दुसरी साक्ष चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याची. दोरीवर चढणारा मुलगा, त्याचे तोडलेले अवयव आणि पुन्हा सजीव झालेला देह, हे सर्व त्याने वर्णिले आहे. परंतु हा प्रसंग चीनमधील हांगचौ शहरातला! हा गृहस्थ कित्येक वर्षे हिंदुस्थानात राहिला, दिल्लीस काजी होता, येथील योग्यांच्या अद्भुत गोष्टीही त्याने लिहून ठेवल्या. पण दोरीचा खेळ मात्र त्याने चीनमध्ये पाहिल्याचे सांगितले. त्या वेळी शेजारी बसलेल्या काजीने त्यास सांगितले की कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही, सर्व हातचलाखी आहे.

तिसरी साक्ष आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. १९१७ साली तेथे होम्स नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हा खेळ पाहिला व त्याचे छायाचित्रही घेतले. हा अधिकारी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला शूर पुरुष. त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याने पाहिलेला मुलगा अदृश्य झाला नाही. वर चढला, तोल सांभाळून राहिला आणि खाली उतरला. पुढे जाणकारांनी ते छायाचित्र निरखले, तेव्हा ती दोरी नसून बांबू असल्याचे त्यांचे मत पडले. बांबूवर पोर तोलून धरण्याचा डोंबाऱ्याचा खेळ आम्ही बालपणी बाजारच्या दिवशी कितीदा पाहिला आहे! त्यात चमत्कार नाही. पण अंगमेहनत आणि कसब अपार आहे. त्या खऱ्या कसबाचे कौतुक सोडून आम्ही खोट्या चमत्काराचे पोवाडे गात बसलो.

१९३४ साली लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या संस्थेने हा खेळ उघड्यावर करून दाखविणारास ५०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. ते कोणासही जिंकता आले नाही.

आता आमच्या चुलत आजोबांकडे वळू. ते खोटे बोलले काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९९६ साली लॅमाँट व रिचर्ड वाइझमन यांनी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. हा खेळ पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या हकिकती त्यांनी एकत्र केल्या, आणि पाहणे व सांगणे यांमध्ये किती वर्षे गेली हे ताडून पाहिले. तेव्हा असे आढळले की मधला काळ जितका अधिक, तितका चमत्कार मोठा!

हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण आम्हांस स्पष्ट स्मरते : आम्ही लहान असताना आजोबांच्या गोष्टीतील पोरगा बांबूवर चढून खाली उतरत असे. आमची मुंज झाली त्या सुमारास बांबूची दोरी झाली होती. त्यांच्या अखेरच्या वर्षांत पोरगा दिसेनासा होऊ लागला. तुकडे आणि टोपली ही तर बहुधा आम्हीच कोठेतरी वाचून जोडली आणि नाव आजोबांचे सांगितले! म्हातारा प्रामाणिक होता, आम्हीही प्रामाणिक होतो. तरीही वर्गातील मुलांच्या पदरी असत्यच पडले.

हा लेख या स्मरणिकेत देण्याचे प्रयोजन एवढेच की आपले मंडळ सध्या ज्ञातीचा इतिहास संकलित करीत आहे. घराघरांतून वृद्धांच्या आठवणी येतील. कोणाच्या पूर्वजाने वाघास नुसत्या नजरेने परतविले असेल, कोणाच्या वाड्यातील विहीर दुष्काळातही आटली नसेल. त्या अवश्य लिहून घ्याव्यात. त्यांचा उपहास करू नये. पण प्रत्येक आठवणीखाली चार गोष्टी नोंदवाव्यात : कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, आणि किती वर्षांनी सांगितले. सांगणाराने स्वतः पाहिले नसेल तर तसे स्वच्छ लिहावे. हातातील मोबाईलवर येणाऱ्या अद्भुत वार्तांनाही हीच कसोटी लावावी. शिकागोच्या त्या लेखास जग फिरावयास काही महिने लागले, आज घटकाभरही लागत नाही.

मागच्या बाकावरील तो विद्यार्थी आज चाळिशी उलटलेला गृहस्थ असेल. तो आपल्याच ज्ञातीतील होता. कदाचित ही स्मरणिका त्याच्याही घरी जाईल. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी दिले नाही, ते आज देतो : नाही बाळ, आम्ही पाहिले नव्हते. तू विचारलेस ते योग्यच होते.